क्षण संगणकाचा, तारीख माणसांची

१६९२७९४०४०.

दहा अंकांचा हा आकडा प्रथमदर्शनी एखाद्या मोबाइल क्रमांकासारखा दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तो चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ लँडर चंद्रावर उतरल्याचा क्षण आहे. देशाने तो क्षण २३ ऑगस्ट २०२३, सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटे असा लक्षात ठेवला आणि पुढे तोच दिवस ‘राष्ट्रीय अंतराळ दिवस’ म्हणून घोषित झाला. आकड्यात आणि तारखेत घटना एकच आहे. तरीही आकडा म्हणजे तारीख नव्हे. आकड्यापासून तारखेपर्यंत जाणाऱ्या वाटेवर कायदा, भूगोल, इतिहास आणि भाषा अशी चार नाकी लागतात. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ही वाट बहुधा एका ओळीत उरकली जाते: अमुक फंक्शन वापरा, तारीख मिळेल. भारतासारख्या देशात ही एक ओळ किती महाग पडू शकते, याचा विचार अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनी आणि सरकारी संगणकप्रणाली घडविणाऱ्यांनी गांभीर्याने करण्याची वेळ आली आहे.

आकड्यातून तारीख कशी निघते

युनिक्स या संगणकप्रणालीने काळाची मोजणी एका ठरावीक आरंभबिंदूपासून करण्याची पद्धत रूढ केली. हा आरंभबिंदू म्हणजे १ जानेवारी १९७०, मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटे, समन्वित जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार. तेव्हापासून सरलेल्या सेकंदांची संख्या म्हणजे टाइमस्टॅम्प. आज मोबाइल, बँकेचे सर्व्हर, रेल्वेचे आरक्षण, उपग्रहांकडून आलेली माहिती साठविणारे डेटाबेस, सगळीकडे याच मोजणीचा किंवा तिच्या एखाद्या भावंडाचा वापर होतो.

या आकड्याची तारीख करणे कागद-पेन्सिल घेऊनही शक्य आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी ते करून पाहावे. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याने १६९२७९४०४० ला भागले की १९,५९२ पूर्ण दिवस मिळतात आणि ४५,२४० सेकंद बाकी राहतात. १९७० पासून २०२२ अखेरपर्यंत ५३ वर्षे झाली. त्यांतील १३ लीप वर्षे धरून १९,३५८ दिवस होतात. ते वजा केले की २०२३ सालातील २३४ दिवस उरतात. म्हणजे वर्षाचा २३५वा दिवस. महिन्यांचे दिवस मांडून पाहिले तर तो २३ ऑगस्ट. बाकी राहिलेले ४५,२४० सेकंद म्हणजे १२ तास ३४ मिनिटे. घड्याळात दुपारचे १२:३४ दिसतात, सायंकाळचे ६:०४ नव्हे. कारण इथवर झालेला हिशेब ग्रिनिचच्या मध्यान्हरेषेशी जोडलेल्या वेळेचा आहे. त्यात साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळविले की भारतीय वेळ येते: १८ वाजून ४ मिनिटे.

या गणितात अवघड असे काहीच नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. पहिली फसगत एककाची. युनिक्स सेकंद मोजते, तर जावास्क्रिप्ट आणि जावा या भाषा तोच काळ मिलिसेकंदांत मोजतात. सेकंदांचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला, तर चांद्रयान २० जानेवारी १९७० रोजी उतरल्याचे दिसेल. उलट, मिलिसेकंदांचा आकडा सेकंद समजून वाचला, तर ते इसवी सनाच्या ५५ हजारांव्या वर्षाच्याही पुढे उतरेल. अशी चूक डोळ्यांत भरते, म्हणून ती लवकर पकडली जाते. खरी भीती आहे ती पकडल्या न जाणाऱ्या चुकांची; आणि अशा चुकांचे मूळ त्या साडेपाच तासांत आहे.

मध्यरात्रीचे साडेपाच तास

भारतात मध्यरात्रीचे बारा वाजतात, तेव्हा यूटीसीच्या घड्याळात आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. पहाटे साडेपाचपर्यंत दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या राहतात. रोज साडेपाच तास, म्हणजे दिवसाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक काळ, भारताची तारीख आणि सर्व्हरची तारीख एक नसते. जगभरातील बहुतांश सर्व्हर यूटीसीवर चालतात, आणि तसेच असणे योग्यही आहे. प्रश्न निर्माण होतो तो ज्या गोष्टीला वेळ नसतेच, अशी गोष्ट टाइमस्टॅम्पच्या साच्यात कोंबली जाते तेव्हा. जन्मतारीख ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. एखाद्या अर्जप्रणालीत उमेदवार आपली जन्मतारीख २ ऑगस्ट १९९२ अशी निवडतो. संगणकप्रणाली तिला ‘त्या दिवशीची भारतीय मध्यरात्र’ असा क्षण मानते. तो क्षण यूटीसीमध्ये लिहिला की १ ऑगस्ट १९९२, सायंकाळी साडेसहा असा होतो. पुढच्या टप्प्यावर कोणीतरी वेळेचा भाग छाटून टाकतो, कारण जन्मतारखेत वेळ कशाला हवी? उरते ती १ ऑगस्ट १९९२. जावास्क्रिप्टमध्ये तारीख प्रमाणित मजकुरात बदलून देणारे जे नेहमीचे फंक्शन आहे, ते यूटीसीतच उत्तर देते; त्यामुळे ही घसरण नवशिक्याकडून अगदी सहज होते. परदेशातल्या, ग्रिनिचच्या पश्चिमेकडील प्रोग्रॅमरला ती या रूपात दिसतही नाही; त्याची मध्यरात्र यूटीसीच्या त्याच तारखेत पडते.

एका दिवसाने काय बिघडते? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी वय १ ऑगस्ट या दिवशी मोजले जाते. २०२४ च्या परीक्षेसाठी सर्वसाधारण गटातील उमेदवाराचा जन्म २ ऑगस्ट १९९२ च्या आधीचा नसावा, अशी अट होती. म्हणजे वरील उदाहरणातला उमेदवार खऱ्या जन्मतारखेनुसार पात्र ठरतो आणि घसरलेल्या तारखेनुसार अपात्र. आयोगाच्या प्रणालीत अशी चूक झाली, असा याचा अर्थ नाही. मुद्दा असा, की वय, निवृत्ती, शाळाप्रवेश, विमा, मतदानाचा हक्क या सगळ्यांचे दरवाजे एकेका तारखेवर उघडतात आणि बंद होतात. १ जानेवारीला जन्मलेल्या मुलीची तारीख ३१ डिसेंबर झाली, तर तिचे जन्मवर्षच बदलते. शाळेचा दाखला एक तारीख सांगतो, संगणक दुसरी. आणि दोन कागदांवरच्या दोन तारखांचा मेळ घालण्याचा भार नेहमी त्या कागदांच्या मालकावर येतो, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर नव्हे.

यावरचा उपाय तंत्रज्ञानाने कधीच दिलेला आहे. क्षण आणि तारीख या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, हे मान्य करणे. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीने क्षणासाठी एक प्रकार, निव्वळ तारखेसाठी दुसरा आणि कालविभागासह असलेल्या वेळेसाठी तिसरा प्रकार दिला. पायथनने २०२३ मधील आपल्या ३.१२ या आवृत्तीत, कालविभागाचा उल्लेख न ठेवता यूटीसी वेळ देणारे आपले जुने फंक्शन वापरू नये, असा इशारा द्यायला सुरुवात केली. आर्थिक व्यवहार हा क्षण आहे. तो यूटीसीत साठवावा. जन्मतारीख ही तारीख आहे. ती वर्ष, महिना, दिवस अशीच साठवावी, तिला सेकंदांत बदलूच नये. इतकी साधी शिस्त पाळली, तर या जातीच्या बहुतेक चुका मुळातच होणार नाहीत.

‘एकच वेळ, मग चिंता कसली?’

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत अनेक कालविभाग आहेत, उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे होतात. भारतात संपूर्ण देशाला एकच प्रमाणवेळ आहे, ऋतुमानानुसार बदल नाही. मग १९,८०० सेकंद मिळविले की काम संपले. एवढा काथ्याकूट कशासाठी?

याचे पहिले उत्तर इतिहास देतो. ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण ती सर्वत्र एकदम रुजली नाही. कोलकाता शहर १९४८ पर्यंत आपली स्वतंत्र वेळ राखून होते, आणि मुंबईतही १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ नांदत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर देशाची घड्याळेच एक तास पुढे गेली. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होता. जन्मवेळेवरून कुंडली मांडणाऱ्यांना ही ‘युद्धकालीन वेळ’ ठाऊक असते. संगणकशास्त्राच्या पदवीधराला ती ठाऊक असेलच, असे नाही.

जगभरच्या संगणकांत कालविभागांचा जो सामाईक डेटाबेस वापरला जातो, त्यात भारताची नोंद ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे आणि तिच्यात हा युद्धकालीन तास नोंदलेला आहे. आता कल्पना करावी, की १९४३ साली जन्मलेल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकाची जन्मतारीख एका प्रणालीने हा डेटाबेस वापरून टाइमस्टॅम्पमध्ये बदलली. मध्यरात्रीचा क्षण यूटीसीच्या आदल्या दिवशीच्या सायंकाळी साडेपाचला गेला. दुसऱ्या प्रणालीने तो वाचताना डोळे मिटून १९,८०० सेकंद मिळविले. उत्तर आले: आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा. तारीख घसरली. दोन्ही प्रोग्रॅमरांनी आपापल्या परीने बरोबर काम केले, आणि तरी निवृत्तिवेतनाच्या कागदावर चूक उमटली. ज्यांचे वय आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहे, अशा माणसांच्या वाट्याला ही चूक येते. कार्यालयाच्या खेपा घालण्याची ताकद ज्यांच्यात सर्वांत कमी, त्यांच्याच वाट्याला.

दुसरे उत्तर भविष्य देते. ईशान्य भारतात सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पूर्वापार चालत आली आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातून देशासाठी दोन प्रमाणवेळा शक्य असल्याची मांडणी केली: एक साडेपाच तासांची, दुसरी साडेसहा तासांची. असा निर्णय व्हावा की नाही, हा वेगळा वादाचा विषय आहे आणि दोन्ही बाजूंना वजनदार कारणे आहेत. परंतु उद्या असा निर्णय झालाच, तर ज्या प्रणालींनी कालविभागाचे नाव जपले आहे, त्यांना केवळ डेटाबेस अद्ययावत करावा लागेल. ज्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी १९,८०० हा आकडा पेरून ठेवला आहे, त्यांना प्रत्येक ओळ शोधत बसावे लागेल. कालविभाग ही निसर्गाची देणगी नसून शासनाचा निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतात.

पर्जन्यदिन आणि प्रलयाची तारीख

तारीख म्हणजे काय, हे ठरविणारे दुसरे नाके विज्ञानाच्या स्वतःच्या रूढींचे आहे. २६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन मध्यरात्री सुरू होत नाही. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा तो मोजला जातो, कारण भारतीय वेळेचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे नेमके तीन. त्यामुळे ९४४ मिलिमीटरची ती नोंद २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची आहे.

एखादा विद्यार्थी पावसाची आकडेवारी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र जुळवायला बसला, तर त्याच्यापुढे तीन प्रकारचे ‘दिवस’ उभे राहतात: हवामान विभागाचा साडेआठचा, घड्याळाचा मध्यरात्रीचा आणि उपग्रहाचा यूटीसीचा. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता या तिन्ही तारखा एकाच रकान्यात बसवील, आणि पाऊस पडण्याआधीच पूर आल्याचा किंवा पुराच्या दुसऱ्या दिवशी पाऊस पडल्याचा निष्कर्ष निघेल. आकडेवारीवर आधारलेले संशोधन आता महाविद्यालयीन पातळीवर होऊ लागले आहे. अशा वेळी प्रत्येक माहितीसंचाबरोबर त्यातला दिवस केव्हा सुरू होतो, हे स्पष्ट लिहिलेले असणे ही सौजन्याची नव्हे, शास्त्रीय प्रामाणिकपणाची बाब आहे.

अहर्गणाची परंपरा

ही सारी गुंतागुंत परक्या यंत्राबरोबर आली, असा समज होण्याचे कारण नाही. एका आरंभबिंदूपासून दिवस मोजत राहायचे आणि त्या संख्येतून हवी ती तिथी, वार आणि ग्रहस्थिती काढायची, ही भारतीय ज्योतिर्गणिताची मूळ रीत आहे. त्या दिवससंख्येला ‘अहर्गण’ म्हणतात. सिद्धान्तग्रंथांनी कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षापासून, अहर्गण मोजला. दिवस सूर्योदयापासून धरायचा की मध्यरात्रीपासून, यावर दोन पक्ष होते, आणि आर्यभटाच्या नावाशी दोन्ही पद्धती जोडलेल्या आहेत. उज्जयिनीच्या मध्यरेषेवर केलेले गणित आपल्या गावाला लावण्यासाठी ‘देशान्तर’ संस्कार करावा लागे. आजच्या भाषेत सांगायचे तर आरंभबिंदू, दिवसाची सीमा आणि कालविभाग, हे तिन्ही प्रश्न त्या गणितज्ञांनी ओळखले होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले होते.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात आणखी एक चतुर युक्ती आहे. कलियुगापासूनचा अहर्गण लाखांच्या घरात जातो आणि हाताने गणित करणे जड होते. म्हणून त्यांनी शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा जवळचा आरंभबिंदू घेतला आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक ‘चक्र’ कल्पिले. किती चक्रे झाली ते वेगळे लिहायचे आणि उरलेल्या दिवसांवर गणित करायचे. संख्या लहान राहते, काम सोपे होते.

भारताची स्वतःची दिशादर्शक उपग्रहप्रणाली ‘नाविक’ हीदेखील काळ अशाच चक्रांत मोजते. तिचा आरंभबिंदू २२ ऑगस्ट १९९९ ची यूटीसी मध्यरात्र. तिच्या संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत मावतो, म्हणून १०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये असे एक आवर्तन पूर्ण झाले. आपण कितव्या चक्रात आहोत, हे संदेश वाचणाऱ्या यंत्राला वेगळे ठाऊक असावे लागते. ते चुकले, तर तारीख जवळजवळ वीस वर्षांनी मागे जाते. पंचांगकर्त्यांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष यातून काढणे हास्यास्पद ठरेल. मर्यादित जागेत मोठा काळ मावविण्याची अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे, आणि चक्राची संख्या लिहून ठेवण्याची गणेश दैवज्ञांची शिस्त आजच्या प्रोग्रॅमरलाही उपयोगी पडेल.

या शिस्तीची पुढची परीक्षा जवळ आली आहे. ज्या जुन्या प्रणाली सेकंदांची संख्या ३२ बिटांत साठवितात, त्यांच्यात २१४७४८३६४७ हा सर्वांत मोठा आकडा मावतो. तो क्षण येईल १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होईल आणि अशा यंत्रांना डिसेंबर १९०१ दिसू लागेल. लिनक्सच्या गाभ्यात २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ६४ बिटांच्या वेळेची सोय झाली. परंतु कारखान्यांतील नियंत्रक, मीटर, जुने डेटाबेस आणि त्यांच्या भोवती लिहिलेले प्रोग्रॅम आपोआप सुधारत नाहीत. शिवाय संकट २०३८ पर्यंत थांबणारही नाही. २०१८ नंतर दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो. भविष्यातील तारीख आजच मोजावी लागते, म्हणून चूकही आजच घडू शकते.

अचूक घड्याळ पुरेसे आहे का?

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तिथली आण्विक घड्याळे हे काम उत्तम रीतीने करतात. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्यायची आहेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून व्यापार, वाहतूक, प्रशासन आणि वित्तव्यवहार यांत हीच वेळ वापरण्याचा आग्रह धरला. अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांतून ही वेळ देशभर पोहोचविण्याची योजना आहे.

ही पावले स्वागतार्ह आहेत. सायबर गुन्ह्याच्या तपासात दोन सर्व्हरांची घड्याळे काही मिनिटांनी वेगळी असली, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच सिद्ध होत नाही. परंतु घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत अचूक असूनही तारीख एका दिवसाने चुकू शकते, ही गोष्ट या सगळ्या चर्चेत मागे पडते. अचूकता क्षणाची असते. तारीख हा त्या क्षणाचा अर्थ असतो. पहिली जबाबदारी भौतिकशास्त्रज्ञांनी पेलली आहे. दुसरी जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची, आणि त्यांना तयार करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेची आहे.

म्हणूनच प्रमाणवेळेच्या धोरणाला तीन साध्या गोष्टींची जोड मिळायला हवी. पहिली: सरकारी संकेतस्थळांवरील आणि माहितीसंचांतील प्रत्येक वेळेसोबत तिचा कालविभाग लिहिलेला असावा, आणि यंत्राने वाचायच्या तारखा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा आंतरराष्ट्रीय क्रमानेच असाव्यात. ०३/०४/२०२५ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे वाचणाऱ्याच्या देशावर अवलंबून राहू नये. दुसरी: जन्मतारीख, परीक्षेची तारीख, अर्जाची अंतिम तारीख यांसारख्या गोष्टी साठविण्याबाबत सरकारी प्रणालींसाठी स्पष्ट नियम असावेत आणि चाचणीत मध्यरात्र ते पहाटे साडेपाच हा काळ व १९४२ ते १९४५ ही वर्षे सक्तीने तपासली जावीत. तिसरी: संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात काळ आणि दिनदर्शिका यांवर निदान काही तासिका असाव्यात. ज्या देशाचे अभियंते जगाच्या बँका आणि विमानकंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहितात, त्या देशात हा विषय अनुभवाने, म्हणजे चुका करूनच शिकायचा, हे शोभत नाही.

तयार लायब्ररी सगळे सांभाळते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. लायब्ररी हिशेब बरोबर करते. पण समोरचा आकडा क्षण आहे की तारीख, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. तो निर्णय माणसाचाच.

वाचता येणारी तारीख कोणासाठी?

शेवटचे नाके भाषेचे. टाइमस्टॅम्पची ‘वाचनीय’ तारीख करणे, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती कोणाला वाचता यावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. युनिकोडच्या सामाईक भांडारात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील महिन्यांची नावे, अंक आणि तारखांची मांडणी उपलब्ध आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही तिथे आहे. म्हणजे साधने तयार आहेत. तरीही गावातल्या शेतकऱ्याला विम्याच्या मुदतीचा संदेश येतो, तेव्हा त्यात महिना इंग्रजी आद्याक्षरांत असतो आणि दिवस आधी की महिना आधी, याचा पत्ता नसतो. मुदत हुकली, तर दोष पुन्हा वाचणाऱ्याचाच ठरतो.

सुरुवातीचा दहा अंकी आकडा राष्ट्रीय दिनदर्शिकेत मांडला, तर तारीख येते १ भाद्र, शके १९४५. भाद्र महिन्याच्या पहिल्याच दिवशी भारत चंद्रावर उतरला. संगणकाच्या दृष्टीने हे सारे एकाच संख्येचे वेगवेगळे पोशाख आहेत. माणसाच्या दृष्टीने मात्र पोशाखालाच अर्थ आहे: कोणी त्या तारखेला जन्मलेला असतो, कोणाची त्या तारखेला मुदत संपते, कोणाचा त्या तारखेला हक्क सुरू होतो. सेकंद यंत्राने मोजावेत. ते काम त्याला माणसापेक्षा चांगले जमते. त्या सेकंदांतून कोणाच्या हातात कोणती तारीख पडते, याची काळजी मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागेल.

#विज्ञान #भारतीय_प्रमाणवेळ #प्रोग्रॅमिंग #कालगणना